वई तुटली, बी बुडाले

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कांद्याचे बी मात्र कीटकांच्या भरवशावर धरते. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो, स्त्रीकेसर मागाहून परिपक्व होतो. पराग वाहून आणणारी माशी फिरकली नाही तर गोंडा पोचट राहतो. कांद्याचा फुलोरा काही आठवड्यांचा. एरवी या माश्यांना पोसणाऱ्या फुलांत अलिबागजवळच्या थळ-किहीम पट्ट्यातल्या बांधांवरची, वईतली म्हणजे झुडपांच्या जिवंत कुंपणातली आणि पुळणीवरची रानफुलेही आहेत, आणि नेमक्या त्याच जागांवर आज जेसीबी फिरतो आहे.

2020 मध्ये मांडव्याला रो-रो बोट आली, 2024 च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि मुंबई थळच्या उंबरठ्याशी आली. वईच्या जागी चिऱ्याची भिंत, पुळणीवरच्या मर्यादावेलीच्या जागी बंगल्याची हिरवळ, बांधावर तणनाशक. याला विकास म्हणणाऱ्यांनी भाद्रपदात तेरड्यापुढे तासभर बसावे. फुलामागच्या बारीक नळीत मध असतो. निळ्या पट्ट्यांची माशी आत शिरते, तेव्हा वरचे परागकोश तिच्या पाठीला पूड फासतात. पुढे परागकोशांची ती टोपी गळते, खालचा स्त्रीकेसर उघडा पडतो आणि माखलेली पाठ त्याला घासली की बी धरते. हीच माशी अंग थरथरवून वांग्या-टोमॅटोच्या फुलांतला पराग पाडते. ती पोळे बांधत नाही. उघड्या मातीत बीळ करते. फरसबंद आवारात तिचा वंश संपतो.

आज रानफुलांचे बी धरले नाही, तर पुढच्या पावसाळ्यात फुले घटतील. फुले घटली की माश्या घटतील. मग काकडी, लाल भोपळा कोवळेपणीच गळतील आणि शेवटी कांद्याचे बी बाहेरून आणावे लागेल. त्या कांद्याला अलिबागचे नाव कोणत्या तोंडाने लावणार?

किहीमला 1930 मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी चिकाटीने सुगरणीची घरटी निरखली आणि तिच्या विणीची रीत उलगडली. तीच चिकाटी आता फुलांपुढे हवी. नोंद नसेल तर ऱ्हास सिद्ध होत नाही, आणि सिद्ध न झालेल्या ऱ्हासाची जबाबदारी कोणतेही खाते घेत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे. या समितीने करायची जैवविविधता नोंदवही कपाटात ठेवण्यासाठी कायदा झाला नव्हता. कोणत्या फुलावर, कोणत्या प्रहरी, कोणता कीटक येतो, हे शाळा-महाविद्यालयांना सोबत घेऊन या समित्यांनी येत्या श्रावणापासून लिहून काढावे. बांधकामाची परवानगी देताना वई राखण्याची अट घालावी. आणि कांदा फुलोऱ्यात असताना दिवसाची फवारणी कृषी खात्याने याच हंगामापासून थांबवावी.