घाट, गिअर आणि मुक्कामी गाडी

व्यापारी घरांतील जुन्या चोपड्या चाळल्या, तर मुंबईच्या खरेदीच्या नोंदींखाली बारीक अक्षरातील एक ओळ अनेकदा सापडते : एस. टी. भाडे, हमाली, किरकोळ. कापडाच्या आणि किराणा मालाच्या मोठ्या आकड्यांपुढे ती रक्कम डोळ्यांतही भरत नाही. ती ओळ लिहिणाऱ्याने मात्र त्यासाठी एक संपूर्ण रात्र रेक्झिनच्या ताठ बाकावर काढलेली असे.

आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या पिढीला त्या गाड्यांची हुरहूर लागते. लग्नघरी दोन समवयस्क शेजारी बसले, की गोष्ट लवकरच लाल डब्यावर येते. पण या आठवणींत एक उणीव राहून जाते. आठवण सांगणारा बहुधा प्रवासी असतो. त्याच रात्री, त्याच गाडीत, पुढच्या आसनावर जो माणूस जागा होता, त्याची आठवण निराळी आहे.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. अंतर सुमारे 120 किलोमीटर. शिक्रापूर, शिरूर, सुपे अशी मधली गावे. आरंभीच्या गाड्या बेडफोर्ड बनावटीच्या होत्या. अंग लाकडी, आसने काथ्याची आणि रंग निळा व रुपेरी. लाल रंग पुढचा. त्याआधी गावोगावी खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ चालत. उतारू पुरेसे भरले की मोटार सुटे, मग घड्याळात काही का वाजलेले असेना. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ झाले, तेव्हा कित्येक मोटारी मागे लावलेल्या भट्टीतील कोळशाच्या वायूवर चालवल्या गेल्या. मार्ग सरकारी झाले, तसे वेळापत्रक आले, छापील तिकीट आले, ठरावीक भाडे आले. त्याचबरोबर मोटारीच्या धंद्यात भांडवल घातलेल्या अनेक कुटुंबांचा व्यवसायही गेला. एसटीच्या कौतुकात हा भाग सहसा सांगितला जात नाही. ज्या घरांना तो सोसावा लागला, तेथे तो पुष्कळ काळ विसरलाही गेला नसेल.

प्रवाशाची आठवण मोठी रम्य असते. बार्शी, करमाळा, फलटण अशा गावांहून मुंबईस निघालेला व्यापारी दुपारीच तयारीला लागे. दिवस मावळण्यापूर्वी जेवण उरकायचे, म्हणून दशम्या आणि कोरडी चटणी फडक्यात बांधलेली. गाळलेले पाणी फिरकीच्या तांब्यात. खरेदीचे पैसे बंडीच्या आतल्या खिशात, आणि तो हात रात्रभर छातीशी. मागच्या शिडीने हमाल टपावर चढे आणि गाठोडी दोराने आवळून बांधी. वाहक पत्र्याच्या पेटीतून रंगीत तिकिटे काढी, चिमट्याने छिद्र पाडी आणि दोरी ओढी. चालकाच्या डोक्यावर घंटी वाजे. पहाटे मुंबई. मग सी. पी. टँकजवळच्या हिराबाग धर्मशाळेसारख्या ठिकाणी स्नान, मंदिरात दर्शन आणि दुकाने उघडण्याच्या सुमारास मूळजी जेठा मार्केटात पाऊल. धुळीचा, धक्क्यांचा, खिडकीच्या खडखडणाऱ्या झडपांचा त्रास काळाने गाळून टाकला. उरला तो पहाटेचा वारा.

चालकाच्या आठवणीतून मात्र त्रास गाळता येत नाही, कारण तोच त्याचा व्यवसाय होता. पुढे डिझेल इंजिनाच्या टाटा आणि लेलँड गाड्या आल्या, एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत त्यांवर अंगे चढू लागली. तरी इंजिन पुढेच, चालकाच्या डाव्या हाताशी, झाकणाखाली धगधगत असे. हिवाळ्यात गर्दीतला एखादा प्रवासी त्या झाकणावर ऊब घेत बसे. उन्हाळ्यात तीच धग चालकाचा पाय भाजी. सुकाणू फिरवण्यास यंत्राचे साहाय्य नव्हते. गाडी वळवायची ती खांद्यांच्या बळावर. मुक्कामाला पोचल्यावर हाताच्या मुठी चटकन उघडत नसत.

खरी कसोटी बोरघाटात लागे. खोपोली मागे टाकली, की चढ सुरू होई. जुन्या गिअरपेटीत खालचा गिअर सरळ पडत नसे. क्लच दाबून गिअर मोकळा करायचा, क्लच सोडून इंजिनाला थोडा वेग द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि दात्यांचा वेग जुळला त्या क्षणी दांडा पुढे ढकलायचा. याला ‘डबल क्लच’ म्हणत. क्षण चुकला तर दाते किंचाळत, गिअर पडत नसे, आणि टपावरच्या मालासह भरलेली गाडी मागे सरकू पाहे. तो क्षण कोणत्याही काट्यावर दिसत नसे. तो कानाने ओळखावा लागे. मागे झोपलेल्या माणसांना इंजिनाचा सूर बदलल्याचे अर्धवट झोपेत जाणवे, इतकेच.

उतारावर आणखी निराळा हिशेब. ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा शिरस्ता. केवळ ब्रेकवर विसंबून उतरल्यास ब्रेक तापत आणि पकड सैल होई. म्हणून इंजिनानेच गाडीला मागे खेचून धरायचे. घाई झालेला प्रवासी गाडी सावकाश उतरते म्हणून कुरकुर करी. त्याच्या गाठोड्यांसह तो सुखरूप खाली पोचे, याचे कारण बहुधा त्या सावकाशीतच होते; पण तक्रार लिहिण्यासाठी वही असे, ही गोष्ट लिहिण्यासाठी नसे.

घाटात शिंगरोबाचे मंदिर आहे. या डोंगरातून वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची कथा सांगतात. मंदिरापाशी गाडीचा वेग मंदावे आणि खिडक्यांतून नाणी पडत. धर्मशाळा निराळी, मंदिर निराळे असलेले व्यापारीही नाणे टाकीत. वाट दाखवणाऱ्याचे ऋण मानण्यात त्यांना काही वावगे वाटत नसे.

लांब पल्ल्याची ही आठवण पूर्ण होते ती मुक्कामी गाडीने. तालुक्याच्या गावाहून शेवटची फेरी आडगावी जाई, तेथेच रात्र काढी आणि पहाटे परत निघे. पुढच्या सर्व गाड्यांची साखळी तिच्यावर अवलंबून. ती चुकली तर पुण्याची गाडी चुके, आणि मुंबईचा सौदाही. चालक-वाहकांना निजण्यासाठी जागा म्हणजे गाडीतील बाके, नाहीतर देवळाचा ओटा. पुष्कळ गावांत ती जागा दुकानाच्या पडवीत मिळे. घरातून घोंगडी आणि पाण्याचा तांब्या येई. सकाळी शेठजींना उशीर झाला, तर गाडी दोन मिनिटे थबके. एवढा हा व्यवहार, आणि त्याची कोठे नोंद नाही.

त्याच पडवीतून पुढे बरेच काही चाले. पुण्यात शिकणाऱ्या मुलाचा डबा, आजाऱ्याचे औषध, वसुलीची चिठ्ठी, कधी पेढीवर पोचवायचे पाकीट. यांतील काही गोष्टी नियमात बसत, काही बसत नसत. पावती नसे. डबा स्थानकावर उतरे आणि रिकामा होऊन संध्याकाळच्या गाडीने परत येई. व्यापारात ज्याला पत म्हणतात, ती येथे महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या खाकी गणवेशातील माणसाकडे असे. पैशाचे पाकीट सोपवताना कोणत्या चालकाची पाळी आहे, हे घरातील वडीलधारे आधी विचारून घेत.

1982 साली दिल्लीत आशियाई खेळ झाले. त्या खेळांसाठी वापरलेल्या गाड्या पुढे दादर-पुणे मार्गावर आल्या आणि ‘एशियाड’ हेच नाव निमआराम गाडीला कायमचे चिकटले. नंतर द्रुतगती मार्ग झाला, वातानुकूलित शिवनेरी आली, खासगी ट्रॅव्हल्सच्या झोपून जाण्याच्या गाड्या आल्या. चालकांचे खांदे वाचले; ही सुधारणा आहे आणि तिला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. माल टेम्पोने येऊ लागला, पैसे बँकेतून आणि नंतर हातातल्या फोनवरून जाऊ लागले.

इंग्लंडात त्याच बेडफोर्ड कंपनीच्या जुन्या प्रवासी गाड्या हौशी लोकांनी जपून ठेवल्या आहेत. 1962 पासून लंडनहून ब्रायटनपर्यंत जुन्या व्यावसायिक वाहनांची फेरी निघते. जुन्या गिअरपेटीशी झटापट करण्यासाठी तेथील माणसे पदरचे पैसे घालतात. आपल्याकडे आयुष्य संपलेली गाडी लिलावात निघते आणि मोडीच्या भावाने जाते. लिलावाला उभे राहणाऱ्यांत व्यापारी असतात. पत्र्याचे, अॅल्युमिनियमचे आणि टायरांचे भाव ते अचूक सांगतात. गाडी कोणत्या मार्गावर धावली, हे तेथे कोणी विचारत नाही.

जुना निवृत्त चालक कधी नव्या गाडीत प्रवासी म्हणून बसतो. गाडी घाट चढू लागली, की त्याचा डावा पाय नकळत जमिनीवर दाबला जातो, मोकळा होतो, पुन्हा दाबला जातो. शेजारचा माणूस फोनमधून मान वर करीत नाही. द्रुतगती मार्गावरून जाणारी गाडी शिंगरोबाच्या मंदिरावरून जात नाही. तो तरीही खिडकीच्या बंद काचेतून त्या बाजूला पाहून घेतो.