हबशी कुणाला म्हणता?

मी कुंभिवलीचा. मॅट्रिक झालो, गोदीत गोणी उचलतो, रात्री कविता लिहितो. रंग काळा. मुकादम हाक मारतो, "ए हबशी, चल उचल!" बाकीचे हसतात. पहिल्यांदा मीपण हसलो. मग वाचलं, आणि हसू मेलं.

आपल्या रायगडात हबशी म्हटलं की लोक जंजिऱ्याकडं बोट दाखवतात आणि गप्प बसतात. मलिक अंबर कुणी सांगत नाही. १५४८च्या आसपास इथिओपियात जन्मला. पोरवयात गुलाम झाला, विकत विकत अहमदनगरला आला. गोदीच्या भाषेत, जहाजातून उतरलेला माल. 'अंबर' हे नावसुद्धा मालकानं दिलेलं.

१६०० साली अकबराच्या फौजेनं अहमदनगरचा किल्ला घेतला. तवा निजामशाही कुणी उभी ठेवली? या विकलेल्या माणसानं. १६२६ला मरेपर्यंत मोगलांना दख्खन गिळू दिली नाही. १६२४ला भातवडीत मोगल आणि आदिलशाही फौजांना एकदम पाणी पाजलं. शहाजीराजे तेव्हा त्याच्याच बाजूनं लढले. १६१०ला खडकी वसवली, जमिनीखालून नहर आणली. जमिनीचा कस बघून सारा ठरवला.

आणि तख्त? तख्तावर निजामशाही घराण्यातलाच वारस! म्हंजे राज्य राखायला गुलाम चालतो, बसायला मात्र रक्त लागतं.

डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रूक १६१७ साली अंबरला भेटला. त्यानं लिहून ठेवलंय, सुलतानाच्या गोऱ्या इराणी बेगमेनं आपल्या सवतीला, अंबरच्या मुलीला, गुलाम म्हणून हिणवलं. अंबरनं सुलतान आणि बेगम दोघांना विष घातलं. मी विषाचं कौतुक करत नाही. अंबरचा देवही करायचा नाही मला. पण बघा, फौज हातात, खजिना हातात, तरी शिवी उंबरा ओलांडून घरात आलीच.

जहांगीर बादशहाला तो रणात सापडला नाही. मग त्यानं चित्र काढून घेतलं: भाल्यावर अंबरचं मुंडकं आणि बादशहा त्यावर बाण मारतोय! अंबर त्यानंतरही दहाएक वर्षं जगला.

आज खडकीचं काय? तिचं औरंगाबाद झालं, २०२३ला छत्रपती संभाजीनगर झालं. पाटीवरून भांडणारे रग्गड. वसवणाऱ्याची आठवण कुणाला? तो खुलताबादच्या कबरीत पडलाय. शिकलेले फार तर म्हणतात, "गुलाम असून केवढा चढला! नशीब!" नशीब कसलं, साहेब? अक्कल त्याची, मेहनत त्याची. त्याला बाजारात उभा करणारे कोण, ते आधी सांगा. एक अंबर वर आला म्हणून बाजार पवित्र होत नाही. त्याच बाजारात खपून गेलेल्यांची नावं कुठंय?

दोस्तांनो, शिवी ऐकून मान खाली घालू नका. पुन्हा मुकादमानं हाक मारली तर मी गोणी खाली ठेवणार आणि विचारणार, "कुठला हबशी? मापून सारा ठरवणारा? मग आधी माझी हजेरी नीट मोज."