बेसिनखालची पांढरी नळी

मैत्रिणींनो, यावेळी पाककृती बाजूला ठेवून बेसिनखाली डोकावू या. भिंतीतल्या अँगल कॉकपासून नळापर्यंत पाणी नेणारी प्लॅस्टिकची पांढरी नळी, म्हणजे कनेक्शन पाइप, तुम्ही पाहिलीच असेल. काम साधं, पण चुकलं तर काय होतं ते मी अनुभवलंय.

आमचं बेसिन जेवणघराच्या बाहेर. मे महिन्यात माहेरी निघायच्या आदल्या दिवशी नळी ठिबकू लागली. म्हटलं, प्लंबर कशाला? नवी नळी आणून मीच बसवली. तरी थेंब येतच होता, म्हणून पान्ह्याने नट चांगला करकचून आवळला. थेंब थांबला. मला कोण अभिमान वाटला! दोन दिवसांनी नट तडकला. वॉचमनने वरचा व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत खालच्या काकूंच्या भिंतीतलं कपाट भिजलं होतं. त्यात काकांच्या हस्ताक्षरातल्या भजनांच्या वह्या होत्या. काका जाऊन चार वर्षं झालेली. काकू एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

मग प्लंबरदादांना शेजारी बसवून नीट शिकून घेतलं. तेच सांगते.

आधी अँगल कॉक बंद करा, नळ उघडून साचलेलं पाणी जाऊ द्या, खाली बादली ठेवा. नळी घेताना माप घ्या. बाजारात अठरा आणि चोवीस इंची सहज मिळतात. आखूड नळी ताणली जाते, फार लांब असली तर मुडपते. हलका बाक हवा.

दोन्ही नटांत रबरी वॉशर सपाट बसलाय ना, हे पाहा. पाणी अडवतो तो वॉशर, आटे नव्हेत. म्हणून इथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. टेपची जागा अँगल कॉक भिंतीत जातो त्या आट्यांवर. जुन्या टेपचे तुकडे, क्षार पुसून काढा.

नट लावताना आधी किंचित उलटा फिरवा. आटा जुळल्याचं हाताला कळतं. मग सुलटा, हातानेच, घट्ट होईपर्यंत. त्यानंतर पान्ह्याने फक्त पाव फेरा. दुसऱ्या हाताने नळी धरून ठेवा, म्हणजे तिला पीळ पडणार नाही.

आता कॉक हळूहळू उघडा. सांधे कोरडे पुसून वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळा. अर्ध्या तासाने आणि दुसऱ्या सकाळी पाहा. कागद ओला झाला तर अगदी थोडं आवळा. तरीही ओल आली तर जोर वाढवू नका, वॉशर बदला. माझी चूक नेमकी हीच झाली होती.

‘थेंबच तर आहे’ असंही म्हणू नका. मी गळत्या सांध्याखाली दीडशे मिलिलिटरची वाटी ठेवली होती, ती तासाभरात भरली. वर्गातल्या मुलांना गणित घातलं: दिवसाला किती? तीन लिटर सहाशे मिलिलिटर!

आणखी दोन गोष्टी. गीझरला ही नळी कधीही लावू नका, गरम पाण्याने प्लॅस्टिक मऊ पडतं. तिथे गरम पाण्यासाठीची, वर स्टीलची जाळी असलेली नळी घ्या. मात्र त्या जाळीवर फरशी धुण्याचं अ‍ॅसिड उडू देऊ नका, ती गंजते. नळी पिवळी, कडक झाली किंवा नटाला बारीक चीर दिसली, की गळायची वाट न पाहता बदला.

आणि गावाला जाताना गॅसबरोबर घराचा मुख्य कॉकही बंद करा. आता किल्ली काकूंकडेच असते.

हो, त्या वह्या! पानं सुटी करून पंख्याखाली वाळवली. शाई फुटलेली भजनं काकू आठवून सांगतात, मी रविवारी नव्या वहीत उतरवते. अजून बरीच बाकी आहेत.