बाळाच्या पोटातली वस्ती

मागच्या महिन्यात कळमनुरीला मावसबहिणीकडे गेले होते. तिच्या चौदा महिन्यांच्या नातवाला जुलाब लागले होते. कपाटात मोठ्या भावाच्या आजारपणातली अँटिबायोटिकची अर्धी बाटली पडली होती. "हेच दोन चमचे देऊन टाकू का?" तिने विचारले. मी म्हटले, "आपा, थांब. आधी ओआरएस पाज आणि डॉक्टरांना दाखव." डॉक्टरांनी ओआरएससोबत चौदा दिवस झिंक दिले आणि अंगावरचे दूध चालू ठेवायला सांगितले. बाळ सावरले. बाटली मात्र आपाने फेकली नाही. पैसे दिले होते ना!

त्या बाटलीची मला एवढी धास्ती का, ते सांगते.

आपल्या आतड्यात कोट्यवधी जीवाणूंची वस्ती असते, आणि त्यातले बहुतेक आपल्या उपयोगाचे असतात. बाळाला पहिले जीवाणू जन्मताना आईकडून मिळतात. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत; त्या असतात या जीवाणूंसाठी! सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले की नवे जीवाणू येतात, आणि साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत ही वस्ती मोठ्या माणसासारखी होते. नेमक्या याच काळात विनाकारण अँटिबायोटिक गेले, तर आजाराच्या जंतूंबरोबर कामाचे जीवाणूही मरतात. पुष्कळसे काही आठवड्यांनी परततात, काही परतत नाहीत. (डॉक्टरांनी दिलेले अँटिबायोटिक मात्र मनाने अर्ध्यात सोडू नका. शौचात रक्त असेल, बाळ मलूल झाले असेल, तर लगेच दवाखाना गाठा.)

वयाप्रमाणे ही वस्ती पुढेही बदलत राहते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये दोन एकत्र कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच छताखाली राहणाऱ्या तीन पिढ्या, रोजचे जेवणही सारखेच. तरी वयानुसार पोटातले जीवाणू वेगळे निघाले. आजारानेही फरक पडतो आणि औषधानेही. घरातल्या दादी मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील, तर त्या गोळीनेसुद्धा जीवाणू बदलतात.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते ढाक्याचे काम. तिथल्या कुपोषित मुलांच्या पोटातली वस्ती त्यांच्या वयापेक्षा "लहान" असल्याचे 2014 मध्ये दिसले. वजन वाढवणारा आहार दिला तरी ती पुरती सुधारत नव्हती. मग शास्त्रज्ञांनी जीवाणूंना मानवेल असा आहार शोधला: हरभऱ्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ, शेंगदाणे आणि कच्ची केळी. मीरपूरच्या झोपडवस्तीतील बारा ते अठरा महिन्यांच्या मुलांना तो तीन महिने दिला. 2021 मध्ये निकाल आला. नेहमीच्या पूरक आहारापेक्षा यात उष्मांक कमी होते, तरी मुलांचे वजन जास्त चांगले वाढले.

यादी पुन्हा वाचा. हरभरा आणि सोयाबीन आपल्या हिंगोलीच्या शिवारातले, केळी वसमत-कळमनुरीकडची, शेंगदाणे तर घरोघरी. ढाक्यातले मिश्रण मोजून-मापून, जीवनसत्त्वे घालून केलेले होते. तसेच्या तसे घरी जमणार नाही आणि कुपोषित मुलाचा तो उपचारही नव्हे. त्यासाठी अंगणवाडीत वजन करून डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा. पण बाळाच्या वाटीत बिस्किटाऐवजी मऊ शिजवलेले बेसन, कुस्करलेले केळे यायला काय हरकत आहे? शेंगदाणा मात्र बारीक कुटून, अन्नात कालवूनच द्या. अख्खा दाणा घशात अडकतो.