मेमरी कार्ड : वेगवान की टिकाऊ?



मोटारीच्या पुढच्या काचेमागे बसवलेला छोटा कॅमेरा तुम्ही पाहिला असेल. अपघात झालाच, तर खरे काय घडले हे सांगणारा तो साक्षीदार. त्याची सारी स्मरणशक्ती असते नखाएवढ्या मेमरी कार्डात. हे कार्ड घेताना बहुतेक जण वेगाचा आकडा पाहतात. माझ्या मते, पाहायला हवा तो टिकाऊपणा. का, ते गणित करूनच पाहू.

समजा, कॅमेरा सेकंदाला २ मेगाबाइट माहिती नोंदवतो. ‘क्लास १०’चे साधे कार्डही सेकंदाला किमान १० मेगाबाइट लिहू शकते. म्हणजे वेग गरजेच्या पाचपट आहेच! आता तासाला झाले ७,२०० मेगाबाइट. ६४ गिगाबाइटचे कार्ड सुमारे नऊ तासांत भरते. मग कॅमेरा सर्वांत जुने चित्रण पुसून त्या जागी नवे लिहितो.

ही पुसापुशीच कार्डाला झिजवते. कार्डातील फ्लॅश स्मृती जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. तिच्या सूक्ष्म घरांत इलेक्ट्रॉन कोंडून माहिती साठवतात. लिहिताना आणि पुसताना विद्युतदाब देऊन हे इलेक्ट्रॉन अतिशय पातळ निरोधक थरातून पार नेले जातात. दर वेळी थर किंचित दुखावतो आणि अखेर इलेक्ट्रॉन कोंडून राहत नाहीत. उष्णतेने ही गळती वाढते. मे महिन्यात निलंग्याच्या उन्हात उभी असलेली मोटार आतून किती तापते, हे तुम्हाला सांगायला नको.

एखादे कार्ड १,००० वेळा पुसता येते असे धरू. घरची मोटार रोज तासभर चालत असेल, तर ते वर्षात सुमारे ४० वेळा भरेल; तेथे साधे कार्ड पुरे. रोज नऊ तास धावणाऱ्या प्रवासी जीपमध्ये ते तीनेक वर्षांत संपेल. उभ्या गाडीतही चोवीस तास चित्रण चालू ठेवले, तर वर्षभरातच! अशांनी ‘हाय एंड्युरन्स’ छापलेले कार्ड घ्यावे. ते महाग पडते हे खरे. पण ऐन वेळी कोरे निघालेले स्वस्त कार्ड त्याहून महाग पडते. दुप्पट क्षमतेचे कार्ड घेतले, तर पुसण्याची वेळही निम्म्यानेच येते.

निगाही सोपी आहे. नवे कार्ड एकदा पूर्ण भरून पाहा. खोट्या क्षमतेची कार्डेही बाजारात असतात. चित्रण चालू असताना कार्ड काढू नका. अधूनमधून ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. अपघाताचे चित्रण मात्र लगेच दुसरीकडे उतरवून घ्या, नाहीतर कॅमेरा ते पुसून टाकील. आणि महिन्यातून एकदा जुने चित्रण उघडून बघा. कॅमेऱ्याचा दिवा लागला म्हणजे नोंद झालीच, असे नव्हे.

शिक्षकांना विनंती, हे उदाहरण वर्गात फळ्यावर सोडवून घ्या. दोन भागाकार येणाऱ्या मुलाला दुकानदार फसवू शकत नाही.