कोपऱ्यातील सही

दक्षिणेत बदली होऊन आलेला मराठी अधिकारी एक कर्तव्य सहसा चुकवीत नाही. महाराष्ट्रातून पाहुणे आले की तो त्यांना तंजावरला घेऊन जातो. सरस्वती महाल दाखवितो, सरफोजी राजांच्या ग्रंथप्रेमाची कथा सांगतो, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेल्या भोसले वंशाच्या इतिहासावरून बोट फिरवितो, आणि ‘येथेही आपण होतो’ हे समाधान पदरात घेऊन परततो. या अभिमानाशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते त्याच अधिकाऱ्याच्या एका विस्मृतीशी. चेन्नईतील वडपळनीच्या आर्काट रस्त्यावरून त्याची मोटार शेकडो वेळा जाते. पण आपले बालपण ज्या ठिकाणी रेखाटले गेले ते हेच, ही जाणीव त्याला एकदाही होत नाही. पूर्वजांनी जेथे राज्य केले ते स्थळ आम्हांला पाठ आहे; आमच्या मुलांसाठी ज्यांनी बोटे झिजविली, त्यांचे मात्र नावही ठाऊक नाही. ही नुसती विसराळूपणाची गोष्ट नव्हे. आम्ही कोणाचे ऋण मानतो आणि कोणाचे मानीत नाही, याचा हा हिशेब आहे.

‘चांदोबा’ हे मासिक मराठी घरांत किती जिव्हाळ्याचे होते, हे वाचकांना नव्याने सांगावयास नको. परंतु ते मद्रासचे अपत्य होते, हे किती जणांच्या ध्यानात आहे? बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या दोघा तेलुगू गृहस्थांनी जुलै १९४७ मध्ये ‘चंदमामा’ तेलुगूत आणि ‘अंबुलिमामा’ तमिळमध्ये सुरू केले. पाहता पाहता ते कन्नड, हिंदी, मल्याळम अशा भाषांतून निघू लागले, आणि १९५२ साली मराठी ‘चांदोबा’ जन्मास आला. त्याच वर्षी के. सी. शिवशंकरन् नावाचा अठ्ठावीस वर्षांचा एक तमिळ चित्रकार या मासिकाच्या सेवेत रुजू झाला. तो ‘शंकर’ अशी सही करीत असे. खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार, आणि मागे स्मशान अशी राजा विक्रमाची जी आकृती प्रत्येक मराठी प्रौढाच्या डोळ्यांपुढे आजही क्षणात उभी राहते, ती याच हाताने घडविली.

शंकर यांचा जन्म १९२४ सालचा. मद्रासच्या सरकारी कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. ही शाळा १८५० साली अलेक्झांडर हंटर यांनी स्थापिली. शंकर तेथे शिकत असताना देवीप्रसाद रायचौधुरी हे तिचे प्रमुख होते. मरीना किनाऱ्यावरील श्रमिकांचे सुप्रसिद्ध शिल्प ज्यांचे, तेच हे रायचौधुरी. १९४६ साली शंकर ‘कलैमगळ’ या तमिळ मासिकात लागले आणि तेथून सहा वर्षांनी वडपळनीला आले. त्यानंतर सुमारे साठ वर्षे, म्हणजे मासिक बंद पडेपर्यंत, त्यांनी तेच काम केले. सरकारी नोकरीत अठ्ठावन्न किंवा साठाव्या वर्षी हारतुरे घेऊन निवृत्त होणाऱ्या आम्हां मंडळींना या आकड्याचा अर्थ सांगण्याची गरज नसावी. इतका दीर्घ काळ, दर महिन्याला, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मापाची चित्रे देत राहणे आणि तरीही रेषेचा कस उतरू न देणे याला आम्ही तपश्चर्या म्हणतो. दुसरा शब्द आम्हांला सुचत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: पुस्तकातील चित्रकार हा लेखकाचा अनुचर, कथा मुख्य, चित्र तिची झालर. या आक्षेपाला विक्रम-वेताळच उत्तर देतो. मूळ वेताळपंचविशीत कथा पंचवीस. मासिकात मात्र ही माला दशकानुदशके चालली. जुन्या कथा संपल्यावर नव्या रचल्या गेल्या. त्या कोणी रचल्या आणि मराठीत कोणी आणल्या, हे वाचकाला माहीत नव्हते. कथा दरमहा बदलत होती, प्रश्न बदलत होता, उत्तरही बदलत होते; न बदलणारे होते ते विक्रमाचे चित्र. आज कोणत्याही वाचकाला विचारून पाहावे. त्या शेकडो कथांपैकी दोन-चारही तो धड सांगू शकणार नाही. पण विक्रमाच्या चालण्याची ऐट आणि वेताळाचे लोंबणारे केस तो डोळे मिटून वर्णन करील. मग अनुचर कोण आणि स्वामी कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: तो पगारी नोकर होता, कामाचा मोबदला त्याला मिळाला, व्यवहार तेथेच संपला. हा युक्तिवाद सरकारी पगारावर जगणाऱ्यांनी करावा, याचे आम्हांला नवल वाटते. आपल्या कारकीर्दीत बांधलेल्या धरणावरील कोनशिलेत आपले नाव नसले तर जे वर्षानुवर्षे खंत करतात, तेच चित्रकाराला वेतनावर समाधान मानावयास सांगतात. वेतनाने श्रमाची किंमत चुकते, कर्तृत्वाची ओळख चुकती होत नाही.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी करीत नाही, पण तोच सर्वांत खोल आहे: तो तमिळ, त्याची आठवण तमिळांनी ठेवावी. या संदर्भात एक गमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. याच मासिकाच्या चित्रकारांत ‘गोखले’ हे एक नाव आहे. ते दिसले की मराठी माणसाचा जीव सुखावतो आणि तो लगेच कोकणातले गाव शोधू लागतो. परंतु हे माधवपेद्दी गोखले तेलुगू. गोखले हे त्यांचे आडनाव नव्हे, नाव. १९५७ च्या ‘मायाबझार’ चित्रपटाचे कलादिग्दर्शन ज्या दोघांनी केले त्यांपैकी ते एक. आडनाव पाहून फुलणारा आणि माणूस परका निघाला की कोमेजणारा हा जो आमचा अभिमान आहे, त्याला रसिकता म्हणता येणार नाही.

वास्तविक त्या चित्रशाळेत जे घडत होते ते ज्या काळात घडत होते, तो काळ पाहावा. डिसेंबर १९५२ मध्ये पोट्टी श्रीरामुलु यांनी स्वतंत्र आंध्रासाठी याच मद्रास शहरात उपोषणात देह ठेवला. ऑक्टोबर १९५३ मध्ये आंध्र राज्य झाले. मद्रास कोणाचे यावरून तेलुगू आणि तमिळ लोकांत कमालीची कटुता आली. पुढे १९५६ ची राज्यपुनर्रचना आली, आमचा संयुक्त महाराष्ट्राचा लढा आला, बेळगावचा प्रश्न आला. भाषा भाषेशी हद्दीवरून झगडत असताना वडपळनीत तेलुगू मालकांच्या छपराखाली तमिळ शंकर, कर्नाटकातले एम. टी. व्ही. आचार्य, ‘वपा’ या सहीने प्रसिद्ध झालेले वड्डादि पापय्या, आणि ‘चित्र’ हे नाव घेतलेले राघवन् अशी मंडळी एकाच मासिकासाठी रेखाटीत होती, आणि तीच चित्रे मराठी, ओडिया, गुजराती मुलांच्या हाती पडत होती. त्या चित्रांतील देवळांवर दक्षिणेची गोपुरे असत. साताऱ्याच्या मुलाने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. विक्रमाची नगरी त्याला आपलीच वाटली. राष्ट्रीय एकात्मतेच्या दिवशी आम्ही अधिकारी शपथा घेतो, परिपत्रके काढतो. त्या माणसांनी शपथ न घेता ते काम केले, आणि आम्ही त्यांना ‘आपले’ म्हणावयास कचरतो!

कोणी म्हणेल, शासनाने दखल घेतली ना? घेतली खरी. शंकर २९ सप्टेंबर २०२० रोजी निवर्तले, आणि २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. साठ वर्षे काम करणारा माणूस नव्वदी ओलांडून गेला तोवर आम्हांला सवड झाली नव्हती. आणि ज्यांना तेवढेही लाभले नाही त्या ‘चित्र’ यांचे काय? मासिकाच्या पहिल्या पिढीचा भार ज्यांनी वाहिला आणि १९७८ साली जे गेले, त्यांचे पूर्ण नाव सांगू शकेल असा मराठी वाचक आम्हांला अद्याप भेटावयाचा आहे. मासिकाची मालकीही २००७ साली मुंबईच्या एका कंपनीकडे गेली आणि काही वर्षांतच त्याचे प्रकाशन थांबले. म्हणजे ‘चांदोबा’ची अखेर मराठी मुलखाच्या राजधानीत झाली, पण त्या वेळीही त्याच्या चित्रकारांसाठी आमच्याकडून काही झाल्याचे दिसत नाही.

ही उदासीनता परक्यांपुरती असती तर निदान संकुचितपणा म्हणून तिची वासलात लावता आली असती. ती घरच्यांनाही सोडीत नाही. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर ही दोन नावे आम्ही घेतो, तीही बहुधा मुखपृष्ठांमुळे. आतल्या पानांवर ज्यांनी कथेगणिक रेखाटने केली त्यांची नावे कोणाला येतात? आमच्या मंडळांच्या ग्रंथालयातील नोंदवही उघडावी: लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत, सारे रकाने आहेत; चित्रकाराचा रकाना बहुधा आखलेलाच नसतो. आणि बालमासिकांचे जुने अंक कपाट रिकामे करावयाचे ठरले की सर्वांआधी रद्दीत जातात.

येथे एका परक्या अधिकाऱ्याचे उदाहरण देणे भाग आहे. सी. ए. किंकेड हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले, म्हणजे आपल्याच पेशातले आणि आपल्याहून कितीतरी दूर बदलून आलेले. त्यांनी महाराष्ट्रातील व्रतकथा इंग्रजीत आणून १९१४ साली ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नावाने प्रसिद्ध केल्या, आणि त्या पुस्तकावर चित्रकार म्हणून महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे नाव आले. ते साम्राज्याचे चाकर होते, त्यांचे राजकारण आम्हांला मान्य असण्याचे कारण नाही. पण ज्या मुलखात नोकरीला आलो तेथील चित्रकाराचे नाव पुस्तकावर यावे, एवढी रीत त्या काळच्या परकीयांच्या पुस्तकानेही पाळली. स्वतंत्र देशातील मराठी अधिकाऱ्याने तेवढीही पाळू नये?

म्हणून आमचे मागणे भाषणांचे किंवा पुतळ्यांचे नाही. ज्या ज्या मंडळाजवळ ‘चांदोबा’चे जुने अंक असतील त्यांनी ते रद्दीत घालणे आजपासून थांबवावे. अंकागणिक, कथेगणिक, चित्राच्या कोपऱ्यातील सही वाचून सूची करावी. हे काम चेन्नईतील मराठी अधिकाऱ्यांइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही. नोंदी, क्रमांक आणि जुनी दप्तरे यांतच आमचा जन्म गेला आहे, आणि तमिळ-तेलुगू जाणणारे सहकारी शेजारच्याच खोलीत बसतात. मराठी प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकावर लेखकाच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, चित्रकाराचे नाव छापावे. मंडळांनी नोंदवहीत एक रकाना वाढवावा.

कचेरीत सही नसलेला कागद आम्ही पुढे सरकू देत नाही. सही कोणाची, हे पाहिल्यावाचून एका पैशाचे देयक मंजूर करीत नाही. शंकर यांनी प्रत्येक चित्रावर आपली सही ठेवली होती. ती वाचण्याचे काम आमचे होते, आणि ते अजून थकलेलेच आहे.