परदेशी ड्रिलचा जमाखर्च
मुंबईच्या साकीविहार रस्त्यावरील एखादा कारागीर अमेरिकेहून ड्रिल मशीन मागविण्याचा बेत करतो, तेव्हा त्याची दृष्टी केवळ किमतीवर असते. परंतु आयात जकात ही वाहतूकखर्च व विमा मिळवून होणाऱ्या रकमेवर आकारली जाते, हे त्याच्या हिशेबात बहुधा नसतेच. शिवाय तिकडचे वायरवर चालणारे यंत्र १२० व्होल्टचे, आपली वीज २३० व्होल्टची; ट्रान्सफॉर्मर विसरला की आर्मेचर जळालेच, आणि हमीपत्र सातासमुद्रापार! आयातीवर विसंबण्याचा धोका जुनाच: दोघा डॅनिश अभियंत्यांनी १९३८ साली मुंबईत स्थापिलेली लार्सन अँड टुब्रो आरंभी डेन्मार्कची दुग्धयंत्रेच विकत असे; महायुद्धाने आयात खुंटली तेव्हा तिने कार्यशाळा थाटली आणि १९४८ साली पवईची दलदल विकत घेतली. म्हणून परदेशी ड्रिलचा कार्बन ब्रश येथे मिळतो काय, एवढे तरी विचारूनच मागणी नोंदवावी.